बिब्ब्याची खूण : उष्ण प्रदेशांतील लष्करी गणवेशांविषयी

जुने लष्करी गणवेश जमवणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. मोठा वर्ग लाल-निळ्या बनातीचे, सोनेरी कलाबतू लावलेले दरबारी कोट शोधत असतो. दुसरा वर्ग अगदी लहान आहे. तो सुती, विटलेल्या, खळीने कडक झालेल्या कपड्यांच्या मागे लागलेला असतो. मी या दुसऱ्या वर्गातला. सुमारे १८५० ते १९५० या शंभर वर्षांत ब्रिटिश आणि हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी, उष्ण प्रदेशात वापरण्याकरिता जे कपडे शिवले गेले, ते माझ्या संग्रहाचे क्षेत्र. त्यात पांढरे मेस-जाकीट आहे, खाकी ड्रिलचे डगले आहेत, भेंडाच्या टोप्या आहेत, आणि ज्यांचा उपयोग काय असे पाहुणे हमखास विचारतात अशा काही विचित्र वस्तूही आहेत.

या कपड्यांत शोभा फारशी नाही, बाजारात त्यांना भावही बेताचाच. तरीही ते जमवावेत असे वाटण्याचे कारण सांगतो. दरबारी पोशाख माणसाला स्वतःविषयी काय वाटते ते सांगतो. उन्हाळी पोशाख मात्र त्याला कशाची भीती वाटते ते सांगतो. शिवाय तो एकट्याने तयार होत नाही. त्याला इथली माती लागते, इथला शिंपी लागतो, इथला परीट लागतो. राज्यकर्त्याचे शरीर आणि हा देश यांची सर्वांत जवळची गाठ पडली ती अंगावरच्या सुती कपड्यात. म्हणून असा प्रत्येक कपडा हाती आला की मी एकच प्रश्न विचारतो : यात नेमके कोणाचे काय जपले गेले आहे?

धुळीचा रंग

इंग्लंडात ठरलेला लष्करी गणवेश म्हणजे जाड लोकरी कापडाचा, गळ्यापर्यंत बंद, अंगाला घट्ट बसणारा कोट. तोच कोट घालून गोरे शिपाई वैशाखात कवायत करत, आणि उष्माघाताने माणसे पडली की दोष हवेला दिला जाई. ज्युलियस जेफ्रीज नावाच्या शल्यविशारदाने १८५८ साली एक अख्खा ग्रंथ लिहून सांगितले, की दोष हवेपेक्षा कपड्याचा अधिक आहे. पोशाख सैल असावा, टोपीत वारा खेळावा, असे त्याचे म्हणणे होते.

उन्हाळ्यात पांढरे सुती कपडे चालत असत. पण पांढरा कपडा दुरून दिसतो आणि घटकाभरात मळतो. त्यावरचा तोडगा वायव्य सरहद्दीवर निघाला. १८४६ साली हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने पेशावर येथे ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही तुकडी उभारली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तिला सैल, मातकट रंगाचे कपडे दिले. या रंगाला नाव मिळाले ‘खाकी’. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, राख. आपण ‘जळून खाक झाले’ म्हणतो तो हाच शब्द. भोवतालच्या मातीसारखे दिसावे म्हणून घातलेला हा बहुधा ब्रिटिश सत्तेचा पहिला पोशाख. तोवर बहुतेक लष्करी पोशाखांचा हेतू नेमका उलटा, म्हणजे उठून दिसावे, हाच होता.

१८५७च्या उठावात या रंगाची निकड एकदम वाढली. सियालकोटहून दिल्लीकडे निघालेल्या ५२व्या पायदळ पलटणीने आपले पांढरे कपडे रंगवून घेतले. इतर पलटणींनीही तेच केले. रंगारी कोठून आणणार? माती, चहा, कॉफी, कचेरीतली शाई, जे हाती लागेल त्यात कपडे बुडवले गेले. त्यामुळे त्या काळातली ‘खाकी’ एका रंगाची नव्हतीच. कोणाचा डगला करडा, कोणाचा बिस्किटी, कोणाचा किंचित जांभळट. दोन-चार धुण्यांत तो पुन्हा पांढुरका होई. १८७८ ते १८८०च्या अफगाण युद्धापर्यंत हाच प्रकार चालू होता.

हा प्रश्न लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टन गावच्या फ्रेडरिक गॅटी या रंगव्यावसायिकाने सोडवला. १८८४ साली पक्क्या खाकीचे एकस्व घेतले गेले. लोह आणि क्रोमियम यांची संयुगे धाग्यातच बसवण्याची ही पद्धत होती. उन्हाने, घामाने, धुण्याने हा रंग सहसा जात नाही. संग्राहकाला ही तारीख फार उपयोगी पडते. शिवणीच्या आतल्या बाजूचा आणि बाहेरचा रंग यांत मोठा फरक दिसला, पट्टे-पट्टे दिसले, तर कपडा जुन्या, कच्च्या रंगाचा असण्याची शक्यता वाढते. आत-बाहेर रंग सारखा असेल, तर तो बहुधा नंतरचा.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १८९०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने परदेशातील सर्व कामगिरीसाठी खाकी स्वीकारली. १८९९ ते १९०२च्या बोअर युद्धात सारे सैन्य खाकीत लढले. १९०२ साली खुद्द इंग्लंडातील गणवेशही खाकी छटेचा, पण लोकरी झाला. पेशावरच्या धुळीचा रंग असा लंडनपर्यंत पोहोचला. त्याच्या आगेमागे शब्दही गेले. पायाला गुंडाळायच्या ‘पट्टी’चे त्यांनी ‘पटी’ केले. उन्हाळ्यात बंडी सहन होईना म्हणून मेस-जाकिटाखाली कमरबंद बांधला, तो ‘कमरबंड’ होऊन जगभरच्या मेजवान्यांत शिरला. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे कापड ‘डंगरी’ झाले.

भेंडाची टोपी आणि उन्हाचे भय

अधिकाऱ्याच्या उन्हाळी पोशाखाचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे सोला टोपी. ‘सोला’ हे पाणथळ जागेत वाढणाऱ्या एका वनस्पतीचे नाव. तिच्या खोडातला पांढरा, हलका, बुचासारखा गाभा म्हणजे आपले भेंड. ज्या भेंडाची आपण बाशिंगे केली, गणपतीची मखरे सजवली, त्याच भेंडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, साच्यावर आकार देऊन, वर खाकी कापड चढवून ही टोपी होत असे. ऊन अडवणारी टोपी म्हणून पुष्कळ इंग्रजांनी ‘सोला’चे ‘सोलर’ केले, म्हणजे सूर्याशी संबंध जोडला. चुकीचा असला तरी तो बोलका आहे, कारण या टोपीमागे सूर्याविषयी एक विलक्षण धास्ती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा समज रूढ झाला, की उष्ण कटिबंधातील सूर्यकिरणांत उष्णतेखेरीज आणखी काही घातक असते. ते गोऱ्या माणसाच्या कवटीतून मेंदूत आणि पाठीतून मज्जारज्जूत शिरते. म्हणून डोक्याला टोपी आणि पाठीला ‘स्पाइन पॅड’. ही पाठीच्या मधोमध बटणांनी अडकवायची, आत कापूस भरून टाचलेली एक पट्टी. मघाशी ज्या विचित्र वस्तूंचा उल्लेख केला त्यांत ही एक. दुसरी म्हणजे ‘कॉलरा बेल्ट’. पोटाला गार वारा लागला की पटकी होते, या समजुतीने पोटावर गुंडाळायचा फ्लॅनेलचा किंवा विणलेल्या लोकरीचा पट्टा. मे महिन्यात, सुती डगल्याच्या आत, पोटावर लोकर! रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा अभ्यास केला, पाण्याशी असलेला संबंध पक्का झाला, तरी हा पट्टा पुढे अनेक वर्षे गणवेशात राहिला. कपड्यात शिरलेली भीती पुस्तकात खोटी ठरली म्हणून लगेच निघून जात नाही.

हे वेड एकट्या इंग्रजांचे नव्हते. अमेरिकन सैन्यातील वैद्य चार्ल्स वुड्रफ यांनी १९०५ साली उष्ण प्रदेशातील प्रकाशाचा गोऱ्या माणसांवर होणारा परिणाम या विषयावर ग्रंथ लिहिला. घातक किरण अडवायचे तर कपड्याचा आतला थर लालसर हवा, असा एक तर्क त्या काळात जोर धरून होता. फिलिपाइन्समधील अमेरिकन सैन्याने त्याची परीक्षाच घेतली. पाचशे सैनिकांना वर्षभर नारिंगी-लाल अंतर्वस्त्रे घालायला दिली आणि त्यांची तुलना साधी पांढरी घालणाऱ्यांशी केली. १९१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : फायदा काहीही नाही, उलट उष्णतेचा त्रास थोडा अधिकच. रंगीत अस्तराची कल्पना मात्र शिंप्यांनी सोडली नाही. हिरवट-तपकिरी दिसणारे आणि आतून लाल धाग्याची झाक मारणारे ‘सोलारो’ नावाचे कापड याच विचारातून निघाले आणि ते आजही विकले जाते.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू. त्याच उन्हात, त्याच रस्त्याने, त्याच कूचात हिंदी शिपाई चालत होता. त्याच्या डोक्याला पागोटे होते. स्पाइन पॅड त्याच्यासाठी नव्हता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. इराकच्या त्या भट्टीतून कूटपर्यंत, टेसिफोनपर्यंत आणि मागे कूट-अल-अमारापर्यंत त्या चालल्या. तेथे ७ डिसेंबर १९१५ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. गोरे अधिकारी टोपीत, मराठा जवान पागोट्यात. सूर्य दोघांना एकच होता. पण पोशाख सांगत होता की शरीरे दोन जातींची आहेत : एक उन्हाने मरणारे, एक उन्हात चालणारे.

म्हणून सोला टोपी म्हणजे केवळ सावली नव्हती, ती ओळखपत्र होती. १९१८ साली हिंदी तरुणांना सँडहर्स्टचे दार किलकिले झाले, १९३२मध्ये देहरादूनची लष्करी अकादमी सुरू झाली, आणि ही ओळख गडबडली. त्या पिढीतील अनेक हिंदी अधिकारी छायाचित्रांत तीच टोपी घालून उभे दिसतात. गोऱ्या कातडीच्या रक्षणासाठी म्हणून आलेली वस्तू आता हुद्द्याची खूण झाली होती. दुसऱ्या महायुद्धात तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि ब्रह्मदेशात साध्या टोप्या घालून, कधी उघड्या डोक्याने सैनिक लढले आणि सूर्याने त्यांच्या मेंदूचे काही केले नाही. सुमारे शतकभराची भीती काही वर्षांत ओसरली. भेंडाच्या टोप्या माळ्यावर गेल्या.

आतली बाजू वाचताना

असा कपडा हाती आला की मी तो प्रथम उलटा करतो. बाहेरची बाजू विक्रेत्याला हवी तशी सजवता येते, आतली बाजू सहसा कोणी सजवत नाही.

पहिली गोष्ट, कपडा अधिकाऱ्याचा की शिपायाचा. शिपायाचा कपडा सरकारी. त्यावर सरकारी मालकीचा बाणाचा शिक्का आणि मापाचे आकडे असतात. हिंदुस्थानात बनलेल्या मालावर बाणासोबत रोमन ‘आय’ हे अक्षर आढळते. अधिकारी मात्र आपला गणवेश स्वखर्चाने शिवून घेत. त्यामुळे आतल्या खिशावर शिंप्याची किंवा दुकानाची चिठ्ठी शिवलेली असते आणि पुष्कळदा शाईने लिहिलेले गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीखही मिळते. ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ने १८९१ साली मुंबईत शाखा काढली. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही उभी आहे. विलायतेहून येणारे अधिकारी काही कपडे लंडनला शिवत, टोपी कधी वाटेत पोर्ट सैदला घेत, आणि धुवायचे-फाडायचे रोजचे खाकी डगले मात्र इथल्या छावणीतल्या शिंप्याकडून, नमुना समोर टाकून, स्वस्तात करून घेत. म्हणूनच अनेक अस्सल डगल्यांत चिठ्ठीच नसते. चिठ्ठी नाही म्हणून कपडा खोटा, असा निष्कर्ष काढू नये. शिवण पाहावी.

दुसरी गोष्ट, बटणे. धुण्याच्या सुती डगल्यावर पितळी बटणे शिवलेली नसतात. कापडाला गोल काजे पाडलेली असतात. त्यांतून बटणाचे कडे आत ओवायचे आणि मागून किल्ल्या अडकवण्याच्या कडीसारखी एक छोटी दुहेरी कडी घालायची. कपडा धुवायला द्यायच्या आधी सगळी बटणे काढायची, आल्यावर पुन्हा बसवायची. दगडावर आपटून धुणाऱ्या परटामुळे बटणांची ही रचना टिकून राहिली, असे म्हणायला हरकत नाही. खाकी ड्रिलच्या डगल्यावर बटणे दोऱ्याने पक्की शिवलेली दिसली, तर मी थांबतो आणि बाकीचा कपडा दुप्पट काळजीने पाहतो.

बटणांवरची चिन्हे काळ सांगतात. मुकुटाचा एक आकार १९०१ नंतर आला आणि राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९५२ पर्यंत, चालला. त्याआधीचा आणि त्यानंतरचा वेगळा. खांद्यावरचे तारेही बोलतात. १९०२च्या आधी कॅप्टनला दोन तारे आणि लेफ्टनंटला एक. १९०२ नंतर कॅप्टनला तीन, लेफ्टनंटला दोन. बंद, उभ्या गळ्याचा जुना घाट आणि सदरा-टाय दिसेल असा उघड्या गळ्याचा नंतरचा घाट, यांवर दोन तारे पाहून वेगवेगळे हुद्दे वाचावे लागतात. पण बटणे आणि तारे काढता-घालता येतात, ही गोष्ट विसरू नये. ते पुरावा आहेत, पण जामीन नव्हेत.

तिसरी गोष्ट, कापड. ब्रह्मदेशच्या मोहिमेत खाकी रंग हिरव्या रानात उठून दिसू लागला, तेव्हा १९४२-४३च्या सुमारास कपडे हिरवे रंगवले जाऊ लागले आणि पुढे मुळातच हिरव्या कापडाचे झाले. त्यात वारा खेळणारे, जाळीच्या विणीचे सुती कापडही आले. शिवाय अतिनील दिव्याखाली कपडा धरून पाहावा. अलीकडचे कृत्रिम दोरे आणि पांढरे कापड उजळवणारी आधुनिक रसायने त्या प्रकाशात निळसर चमकतात. अख्खा दोरा चमकला तर कपडा नाटक-सिनेमासाठी शिवलेला असू शकतो. केवळ पृष्ठभाग चमकला तर कोणीतरी तो हल्लीच्या साबणपुडीत धुतला आहे, इतकेच.

बिब्बा

आता ज्या खुणेचे नाव या लेखाला दिले आहे तिच्याकडे येतो. डगल्याच्या गळपट्टीच्या आत, कमरेच्या पट्ट्याच्या मागे, किंवा खालच्या दुमडीच्या कोपऱ्यात कधी कधी काळ्या-तपकिरी, बारीक खुणा दिसतात. दोन उभ्या रेघा आणि एक ठिपका. फुली आणि तीन ठिपके. कधी अर्धवट अक्षरासारखे काही. ही परटाची खूण. ती बिब्ब्याने केलेली असते.

बिब्बा मराठी घराला अनोळखी नाही. बाळंतिणीच्या औषधात आणि घरगुती उपचारांत तो असतो, कामात कोणी ‘बिब्बा घातला’ की बोलण्यातही असतो. त्याच्या टरफलातला काळा तेलकट रस टोचून काढायचा, सुईच्या टोकाने कापडावर खूण करायची आणि वर चुना लावायचा. ती खूण मग साबणाने, भट्टीने, उन्हाने जात नाही. कापड फाटेल, खूण राहील. इंग्रजांनी या फळाला खूण करण्याचे फळ असेच नाव दिले होते.

छावणीतला परीट शेकडो कपडे एकत्र भट्टीला लावत असे. सगळे एकाच रंगाचे, एकाच घाटाचे. कोणता कोणाचा हे या खुणांनी ओळखायचे. त्याला इंग्रजी वाचता यायची गरज नव्हती, कारण लिपी त्याची स्वतःची होती. साहेबाचे नाव शिंप्याच्या चिठ्ठीवर शाईने लिहिलेले असे. परटाच्या वहीत, म्हणजे त्याच्या डोक्यात, तोच साहेब दोन रेघा आणि एक ठिपका होता.

बिब्बा उततो हे आपल्याला माहीत आहे. अंगाला लागला की फोड येतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले. कारण शोधता शोधता डॉक्टर परटाच्या खुणेपाशी पोहोचले, आणि १९४३ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ‘धोबी-खुणेचा त्वचादाह’ अशा अर्थाच्या नावाने त्याची नोंद झाली. सूर्याचे किरण पाठीच्या कण्यात शिरतील म्हणून कापसाच्या पट्ट्या बांधल्या, त्या भीतीला आधार नव्हता. त्वचेला खरोखर इजा झाली ती गळपट्टीतल्या दोन रेघांनी.

माझ्या संग्रहात एक खाकी डगला आहे. उघड्या गळ्याचा, चार खिशांचा. चिठ्ठी नाही, नाव नाही. गळपट्टीच्या आत मात्र तीन वेगवेगळ्या परटांच्या खुणा आहेत, एकीखाली एक. म्हणजे हा अधिकारी निदान तीन ठाण्यांवर राहिला, किंवा एका ठाण्यावर तीनदा परीट बदलला. त्याच डगल्याच्या काज्यांत आज अशोकस्तंभाची बटणे आहेत. २६ जानेवारी १९५०ला हिंदुस्थान प्रजासत्ताक झाला आणि सैन्याच्या चिन्हांतून मुकुट गेला, सिंह आले. कापडाला काही करावे लागले नाही. कड्या काढायच्या, मुकुटाची बटणे उतरवायची, सिंहांची चढवायची. परटाच्या सोयीची रचना राज्यबदलाच्याही उपयोगी पडली. खुणा मात्र होत्या तिथेच राहिल्या.

जे उरले नाही

या टप्प्यावर संग्राहकाने आपल्याच कपाटाकडे संशयाने पाहायला हवे. कपडे काही योगायोगाने टिकत नाहीत. मेस-जाकीट वर्षातून काही रात्री वापरले जाई, म्हणून ते जास्त उरले. रोजचा डगला झिजला, म्हणून कमी उरला. अरुंद कमरेचे कपडे दुसऱ्या कोणाला होत नाहीत, म्हणून तेच जास्त मिळतात. ते पाहून ‘त्या काळचे सगळे अधिकारी सडपातळ’ असे म्हणणे चूक ठरेल. आणि मुख्य म्हणजे अधिकाऱ्याचा गणवेश त्याच्या मालकीचा होता. तो त्याच्या पेटीत राहिला, मुलांकडे गेला. जवानाचा कपडा सरकारचा, फाटेपर्यंत वापरण्यासाठी दिलेला. जे उरले त्याचे पोछे झाले. मेसोपोटेमियात चाललेल्या मराठा पलटणींतल्या शिपायाचा उन्हाळी सदरा मला आजवर मिळालेला नाही. साहेबांच्या टोप्या मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात अधूनमधून दिसतात.

म्हणजे संग्रह जितका भरत जातो तितके चित्र एका बाजूला झुकत जाते. कपाटात फक्त साहेब उरतात. या चित्रात दुसऱ्या माणसांची, म्हणजे शिंप्याची, परटाची, चाकराची, साक्ष कुठे असेल तर ती कपड्याच्या आतल्या बाजूला : हाताने घातलेल्या काजाच्या टाक्यांत, रफूत आणि बिब्ब्याच्या खुणेत. त्यांची नावे मिळत नाहीत, पण त्यांचे हात मिळतात.

आणि नेमकी हीच साक्ष सर्वांत आधी नाहीशी होते. बाजाराला नाव हवे असते, हुद्दा हवा असतो, एखादी लढाई हवी असते. परटाच्या खुणेला किंमत नाही, उलट तो ‘डाग’ समजला जातो. विकण्यापूर्वी कपडा ब्लीच करतात. खूण गेली नाही तर गळपट्टीचे आतले कापड बदलतात. बटणे सुटी विकून पैसे जास्त मिळतात म्हणून डगले भादरतात. भेंडाच्या टोपीवर नवे कापड चढवतात. असा ‘कोरा’ झालेला कपडा दिसायला छान असतो, पण त्याला विचारण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.

घरातल्या पेटीविषयी

मराठी घरांत अजूनही अशा पेट्या आहेत. कोणाचे आजोबा युद्धकाळात कमिशन घेऊन गेलेले, कोणाचे पणजोबा सुभेदार, कोणाच्या घराण्याचा छावणीत कपड्याचा धंदा. दिवाळीच्या साफसफाईत त्या उघडल्या जातात आणि पुष्कळदा त्याच दिवशी रिकाम्याही होतात. त्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

कपडा धुऊ नये आणि इस्त्री करू नये. मऊ ब्रशने किंवा जाळीचे कापड धरून धूळ काढावी. जुन्या कपड्यातली खळ कसरीला फार आवडते, म्हणून पेटी महिन्या-दोन महिन्यांनी उघडून पाहावी. पितळी बटणे काढून वेगळी ठेवावीत, नाहीतर त्यांचा हिरवा गंज कापडाला लागतो. पण कोणते बटण कोणत्या काजातले हे आधी लिहून ठेवावे. तारेच्या हँगरवर टांगू नये, खांदे फाटतात. आम्लरहित कागद किंवा धुतलेले पांढरे सुती कापड घालून, शक्य तितक्या कमी घड्यांत आडवा ठेवावा. भेंडाच्या टोपीला कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. तिला वारा लागू द्यावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नये.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. ती देशाबाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. आणि जुना गणवेश संमेलनात किंवा मिरवणुकीत अंगावर घालून मिरवू नये. सैनिक असल्याचा आभास निर्माण करण्यासाठी गणवेश घालणे हा गुन्हा आहेच, शिवाय ऐंशी वर्षांपूर्वीची शिवण तेवढ्यानेही उसवते.

पेटी ठेवणे शक्य नसेल तर हरकत नाही. सगळ्यांच्या घरात जागा नसते. पण ती जाण्याआधी डगला एकदा उलटा करा. गळपट्टीचा, खिशाच्या आतल्या बाजूचा, खालच्या दुमडीचा स्पष्ट उजेडात फोटो घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून, तो कोणाचा, कुठल्या गावी वापरला, कोण धुवायला न्यायचे, एवढे तरी एका कागदावर लिहा. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. बाकीची उत्तरे कदाचित लष्करी दप्तरात सापडतील. परटाचे नाव मात्र सापडले तर त्या घरातल्याच कोणाच्या तरी आठवणीत सापडेल.